समोरचा हात

उंदरांच्या खोलीत बाहेरची चप्पल न्यायची नाही, हा नियम संस्थेचा. तिथं रिकाम्या हातानं जायचं नाही, हा नियम शरयू शेटेचा. दोन्ही नियम ती सारख्याच निष्ठेनं पाळत असे.

मिरजेबाहेर बेडगकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून मेंदूच्या आजारांवर काम करणारी ती संस्था होती, आणि तिथली उंदरांची खोली म्हणजे शरयूचं निम्मं घर. सकाळी देवापुढे दिवा लावून ती निघायची ती राजगिऱ्याच्या लाह्यांचा डबा घेऊन. मुक्या जीवाच्या मुखी घास घातल्याशिवाय आपण अन्नाला हात लावायचा नाही, हा नेम तिला आईनं दिला होता. माहेरी दारात गाय होती, सासरी गच्चीवर कावळे, आणि हा प्रयोग सुरू झाल्यापासून पिंजऱ्यातले उंदीर. ती याबद्दल कुणाशी बोलत नसे. मुळात ती बोलायचीच कमी. प्रयोगाच्या यंत्राखालून आलेल्या उंदरांना दोन दिवस हातानं हलकं खाणं द्यावं, असं कामाच्या पद्धतीत सांगितलेलंच होतं. दोन दिवसांनी ते थांबवावं, असं मात्र कुणी सांगितलं नव्हतं.

आज तिच्याबरोबर तिचा नवरा आला होता.

भालचंद्र शेटे, म्हणजे सांगलीच्या हळद बाजारात सौदे पुकारणारे अण्णा. बाजारातले सौदे आता मोबाइलच्या पडद्यावर होऊ शकत होते, दोन वर्षं झालेही; पण शेतकऱ्यांनीच ते मोडून काढले. पडद्यावर आकडा पळतो, माल कसाय ते सांगत नाही; ते अण्णाचा आवाज सांगतो, असं त्यांचं म्हणणं. अण्णांनी ढिगावर उभं राहून पुकारा केला की चार गाळे पलीकडचा खरेदीदार चहा टाकून यायचा. त्या आवाजाच्या मुळाशी, मेंदूच्या डाव्या अर्ध्या भागात, आवळ्याएवढी गाठ झाली होती. गेल्या दोन महिन्यांत उजव्या हातातून कपबशी पडायला लागली होती आणि अधूनमधून एखादा शब्द हुलकावणी देत होता.

"उद्या मी ज्या वाटेनं जाणार, त्या वाटेनं हे आधी जाऊन आलेत," अण्णा पिंजऱ्यांच्या रांगेसमोर स्टुलावर बसत म्हणाले. "म्हटलं, एकदा गुरूंचं दर्शन घेऊन यावं."

"हळू बोला. घाबरतात ते."

"मीही घाबरतोय की. मला कुणी हळू बोलत नाही." मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "एक सांग, हे उजवे का डावे, ते तुम्ही ठरवता कसं? सह्या करायला लावता?"

शरयू हसली. खिडकीशी काचेची एक उभी पेटी होती, तिच्याकडे तिनं बोट केलं. पेटीच्या पुढच्या काचेला बरोबर मधोमध एक उभी फट. फटीबाहेर लहानशी फळी, फळीवर साखरेची गोळी. उंदराचं तोंड फटीतून जात नाही, पंजा जातो. तो कोणता पंजा बाहेर काढतो, ते वरचा कॅमेरा बघतो. एकदा बघून भागत नाही. पुन्हा पुन्हा, दिवसामागून दिवस मोजावं लागतं. माणसांत दहातले नऊ उजवे. उंदरांत तसं नाही. निम्मे इकडचे, निम्मे तिकडचे. पण ज्याचा त्याचा पंजा ठरलेला.

"आणि टोपडं घातलं की तो बदलतो."

"हं," शरयू म्हणाली. "बदलतो."

टोपडं हे संस्थेतलं लाडकं नाव. यंत्राचं खरं नाव लांबलचक होतं; दिसायला ते तान्ह्या बाळाच्या टोपड्यासारखं होतं, म्हणून ते नाव चिकटलं. त्याच्या आतून कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनीच्या लहरी निघत आणि कवटी न उघडता मेंदूतल्या नेमक्या जागी पोचत. जिथं पोचत, तिथल्या पेशी निपचित पडत. मेंदूचे दोन अर्धे भाऊबंदांसारखे असतात. एकाच्या हाती कारभार, दुसरा मागे बसलेला. कारभाऱ्याला काही काळ झोपवलं तर दुसरा उठून कारभार हाती घेईल का, एवढाच प्रश्न होता. उंदरांनी उत्तर दिलं होतं. मुद्दाम उजव्या पंजाचे निवडलेले उंदीर टोपड्याखालून गेले आणि काही आठवड्यांत जवळजवळ सगळे डावरे झाले. पलीकडच्या खोलीतले, ज्यांना टोपडं नुसतंच चढवलं आणि चालू केलं नाही, ते होते तसेच राहिले.

हे जगभर गाजलं. कारण बहुतेक माणसांची वाचा डाव्या अर्ध्यात असते, आणि तिथं गाठ झाली की डॉक्टर हात आखडता घेतात. पंजाचा कारभार पलीकडे जातो, तर वाचेचा का जाणार नाही? आधी वाचा उजवीकडे न्यायची, मग डावीकडची गाठ निर्धास्तपणे मुळासकट काढायची. म्हैसाळच्या पद्मजा चौगुले नावाच्या निवृत्त शिक्षिका या वाटेनं जाणाऱ्या पहिल्या. त्यांची तीन सत्रं झाली होती. चौथं उद्या सकाळी होतं, आणि त्यांच्यानंतर त्याच खुर्चीत अण्णा बसायचे होते.

शरयूनं डबा उघडला. स्टूल पुढे ओढून ती पहिल्या पिंजऱ्यासमोर बसली. मनातल्या मनात काहीतरी पुटपुटली, चिमटीत लाही धरली आणि गजांपाशी नेली. आतला पांढरा उंदीर उठला, नाक फेंदारलं, गजांतून पंजा बाहेर आला आणि लाही आत गेली.

"बाजारात असं गिऱ्हाईक मिळालं तर बघायला नको," अण्णा म्हणाले. "घासाघीसच नाही. आण, मला दे. आज पुण्य मलाही लागणार आहे."

तिनं त्यांच्या तळहातावर चार लाह्या ठेवल्या. उजव्या हातानं त्यांनी एक उचलली, ती गळून पडली. दुसरी उचलली, तीही पडली. क्षणभर ते बोटांकडे बघत राहिले.

"उजवा संपावर गेलाय," ते म्हणाले. "देवाला म्हणावं, आज डाव्यानं घे."

"असू दे, मी देते की."

"तू रोज देतेस." त्यांनी डाव्या चिमटीत लाही धरली आणि शेजारच्या पिंजऱ्यापाशी नेली. उंदीर उठला. पंजा बाहेर आला, लाही आत गेली.

"बघ की, माझ्याशी उजव्यानं शेकहँड केला यानं," अण्णा खुशीत म्हणाले. "मला बघून सुधारला."

शरयूचा हात डब्यातच राहिला.

तो उंदीर टोपड्यातून गेलेला होता. पेटीत त्यानं महिनाभर डावाच पंजा काढला होता. तिनं स्वतः बघितलं होतं.

"पुन्हा द्या," ती म्हणाली.

अण्णांनी दिली. पुन्हा उजवा. पुढच्या पिंजऱ्यात दिली. उजवा. त्याच्या पुढच्यात. तिथं उंदरानं आधी डावा काढला, हवेत चाचपला, आत घेतला आणि मग उजवा काढला.

"आता मी," ती म्हणाली. तिनं त्याच उंदराला उजव्या हातानं लाही दिली. डावा पंजा. अगदी सहज, रोजच्यासारखा.

समोरासमोर बसलं की माझा उजवा हात तो समोरच्याचा डावा. हे लहान मुलांनाही कळतं. बाजारात अण्णांना कळतं, आरतीचं तबक फिरवणाऱ्या बाईला कळतं. रोज सकाळी, कितीतरी आठवडे, शरयू या पिंजऱ्यांसमोर बसली होती आणि तिचा उजवा हात प्रत्येक उंदराच्या डाव्या अंगाला आला होता. डाव्या हातानं घास द्यायचा नसतो. एकदाही दिला नव्हता. दिलाच असता, चार दिवस जरी दिला असता, तरी आकडे विस्कटले असते आणि कुणीतरी विचारलं असतं, हे काय झालं? तिचा नेम इतका चोख होता की आकडेही चोख आले.

घास एका बाजूनं येत राहिला की उंदीर त्या बाजूचा पंजा वापरायला शिकतो, आणि तीच सवय घेऊन पेटीत जातो. हे तिला माहीत होतं. कित्येक दशकांपासून ते सगळ्यांनाच माहीत होतं. ती स्वतः ते दरवर्षी नव्या विद्यार्थ्यांना शिकवायची.

"काय झालं गं? पांढरी पडलीस."

"बसा तुम्ही," ती म्हणाली. उठून तिनं डबा स्टुलावर ठेवला.

कोपऱ्यातल्या पिंजऱ्यात आजोबा होता. हे नाव तिनं मनातल्या मनात ठेवलेलं. संस्थेत उंदरांना नावं द्यायची रीत नव्हती. कॅमेरा नवा आला तेव्हा तो नीट बघतो का, हे तपासायला या उंदराला पेटीत सोडलं होतं. तेव्हा तो पक्का उजव्या पंजाचा होता. त्याच्या डोक्यावर टोपडं कधीच चढलं नव्हतं. म्हातारा म्हणून शरयू त्यालाही घास द्यायची, इतकंच.

तिनं त्याला दोन्ही हातांनी उचलून पेटीत ठेवलं. फळीवर साखरेची गोळी ठेवली. गोळी फटीच्या बरोबर समोर आहे ना, हे दोनदा बघितलं. मग ती मागे सरकली, भिंतीला टेकली.

आजोबा फटीपाशी आला. मिशा हलवल्या. डावा पंजा बाहेर काढला.

दुसरी गोळी. डावा. तिसरी. डावा. पडद्यावर कॅमेऱ्याचा हिरवा ठिपका प्रत्येक वेळी एकाच बाजूला उमटत गेला. शरयू गोळ्या ठेवत राहिली, थांबायला हवं हे तिला सुचलंच नाही. शेवटी अण्णांनी तिचा हात धरला.

"याला टोपडं घातलं होतं?" त्यांनी विचारलं.

"नाही."

अण्णा बाजारातले होते. हिशेब त्यांना सांगावा लागला नाही. त्यांनी पेटीकडे बघितलं, मग पिंजऱ्यांच्या रांगेकडे, मग स्टुलावरच्या डब्याकडे.

"मग टोपडं काय करतं?" ते म्हणाले.

हाच तो प्रश्न होता. एका अर्ध्याला ते झोपवतं, यात शंका नव्हती. दुसरा उठतो, याचा पुरावा म्हणजे हे पंजे. आणि पंजे तर तिच्या लाह्यांनी उचलले होते. दुसरा कुणी उठलाच नव्हता. चालत्या कारभाऱ्याला झोपवून घर मोकळं सोडलं होतं. उंदराचं त्यानं बिघडलं असेल तर कळणार कसं? उंदराला वाचा नसते. त्याला कुणी विचारलं नव्हतं की, बाबा रे, तुझं काय गेलं?

पद्मजा चौगुले गेले वीस दिवस एक शब्द बोलल्या नव्हत्या.

त्यांच्या मुलीनं, ऋतानं, फोन केला होता. शरयूनंच तो घेतला होता. आपल्या मऊ आवाजात तिनंच सांगितलं होतं, उंदीरसुद्धा पहिले काही आठवडे गोंधळतात, मग दुसरा पंजा पुढे येतो, धीर धर, बाळ. आपले ते शब्द तिला आता जसेच्या तसे ऐकू आले.

*

"अठ्ठावीस उंदीर एकीकडे, आणि एक म्हातारा दुसरीकडे," संस्थेचे संचालक डॉ. केदार वांगीकर म्हणाले. शरयूपेक्षा ते दहा वर्षांनी लहान होते, हुशार होते आणि भले होते. "ताई, तुम्ही दमलाय. उद्या अण्णांचं आहे, डोक्यावर ताण आहे."

"अठ्ठावीस नाही, सत्तावीस. अठ्ठाविसावा बदलला नव्हता. आठवतं? त्याच्या कानाला जखम झाली म्हणून वरच्या मजल्यावर वेगळा ठेवला होता. तिथं मला जाता येत नव्हतं. खाणं यंत्र टाकायचं."

"तो अपवाद होता."

"आपण त्याला अपवाद म्हटलं. तो एकटाच खरं बोलत होता, केदार."

वांगीकर खुर्चीत मागे टेकले. बराच वेळ त्यांनी टेबलावरचा पेपरवेट फिरवला.

"तुम्ही रोज खायला घालत होता? दोन दिवसांनंतरही?"

"हो."

"का?"

"आपण त्यांना त्रास देत होतो म्हणून."

"मग पलीकडच्या खोलीतल्यांना का नाही घातलं?"

"त्यांना कुठं त्रास दिला होता आपण?"

वांगीकरांनी पेपरवेट खाली ठेवला. ते उठले, तिच्यामागून उंदरांच्या खोलीत आले, दाराशी चप्पल काढली आणि पेटीसमोर उकिडवे बसले. आजोबाचं पोट भरलं होतं, तरी त्यानं दोन गोळ्या उचलल्या. डाव्यानं. मग वांगीकरांनी वरच्या मजल्यावरून त्या अठ्ठाविसाव्याला आणलं. टोपड्यातून पुरा गेलेला, शरयूचा हात कधी न लागलेला. त्यानं उजवा पंजा काढला. पुन्हा उजवा. वांगीकर बघत राहिले. त्यांचा चेहरा हळूहळू राखेसारखा झाला, आणि शरयूला त्यांची कीव आली.

"बाहेर अण्णा बसलेत," ते खालच्या आवाजात म्हणाले. "हे एकदा बाहेर गेलं की टोपडं बंद. परत कधी सुरू होईल, सांगता येत नाही. त्यांच्या गाठीला दुसरा पुरा उपाय नाही, हे तुम्हाला माहीत आहे. आठवडाभर थांबू. नीट मोजू. न जाणो, थोडा तरी परिणाम टोपड्याचा असेल. तोवर चौगुलेबाईंना कळवू की यंत्र दुरुस्तीला आहे."

शरयूला मोह झाला. तो मोह तिनं पुरता अनुभवला. तिच्या जिभेवर "बरं" येऊन बसलं होतं. थोडा तरी परिणाम असेल. उंदरांवर नसेल, माणसावर असेल. अण्णांवर असेल.

"यंत्र दुरुस्तीला नाहीये," ती म्हणाली.

"ताई."

"त्यांची मुलगी रोज सकाळी आईला एक ते दहा म्हणायला लावते, केदार. मीच सांगितलंय तिला. बाईंना येत नाही, तशा त्या रडतात. मुलगी पुन्हा म्हणायला लावते, कारण मी म्हटलं होतं, येईल. आज ते थांबलं पाहिजे."

वांगीकरांनी डोळे मिटून घेतले. मग त्यांनी खिशातून फोन काढला आणि उद्याची दोन्ही सत्रं रद्द केली. "बाकीचं मी बघतो," ते म्हणाले. "जगाला मी सांगतो. म्हैसाळला तेवढं…"

"म्हैसाळला मीच जाते."

*

संस्थेच्या दारात बिनचालकाची रिक्षा उभी होती. अण्णा आधी चढून बसले.

"कुठं जायचं?" रिक्षानं गोड आवाजात विचारलं.

"म… मळद," अण्णा म्हणाले.

"असं गाव सापडलं नाही. कृपया पुन्हा सांगा."

"अगं, मसाल. म्हस… थांब जरा." त्यांनी गुडघ्यावर मूठ आपटली. ज्या माणसानं पाच तालुक्यांची गावं आणि त्या गावांची हळद आयुष्यभर तोंडपाठ म्हटली, तो माणूस बारा किलोमीटरवरचं गाव शोधत होता. शरयूनं खिडकीबाहेर बघितलं. सांगणं सोपं होतं, पण तिनं सांगितलं नाही. त्यांना ते आवडलं नसतं.

"म्हैसाळ," शेवटी अण्णा म्हणाले. रिक्षा निघाली. "बघितलंस? या रिक्षाला हळद दाखव एकदा, ती तरी ओळखते का बघू."

उसाच्या फडांमधून रस्ता जात होता.

"मी तुमचा मार्ग बंद केला," शरयू म्हणाली.

"तो मार्ग नव्हताच, म्हणतेस ना?"

"नव्हता."

"मग बंद काय केलास? विहिरीवर फळी टाकलीस." ते जरासे हसले. "उद्या ती खुर्ची माझी होती. नऊचं त्या बाईंचं, मग माझं. माझा पुकारा गेला असता आणि तू बाजूला बसून म्हणाली असतीस, धीर धरा, अहो, दुसरा पंजा येतोय."

तिला हुंदका आला. त्यांनी डावा हात तिच्या हातावर ठेवला.

"जुनी पद्धत आहे की अजून," ते म्हणाले. "माणसाला जागं ठेवून डोकं उघडतात आणि बोलायला लावतात."

"निम्मी गाठ ठेवावी लागते त्यात. ती परत वाढते."

"वाढू दे. तेवढा वेळ मिळतो ना? मी टेबलावर पडून सौदा पुकारीन. जिथं माझा शब्द अडखळेल, तिथं डॉक्टरनं सुरी थांबवायची. एवढं साधं तर आहे." मग ते म्हणाले, "तू सकाळपासून काही खाल्लं नाहीस."

"घास पुरा झाला नाही आज. मधेच उठले. आणि आता त्यांना माझ्या हातनं काही देता येणार नाही; सगळं पुन्हा मोजायचंय."

"मग दारातल्या कुत्र्याला दे की काहीतरी."

आपल्या हातानं कुणाच्या तोंडात काही घालायचं, या विचारानंच तिची बोटं आखडत होती.

*

चौगुल्यांचं घर नदीकडच्या अंगाला होतं. पडवीत पद्मजाबाई खुर्चीवर बसल्या होत्या. सत्तरीच्या, कडक इस्त्रीचं सुती पातळ, केस नीट बांधलेले. समोर मुलगी ऋता बसली होती आणि म्हणत होती, "आई, बघ माझ्या तोंडाकडे. एक."

बाईंचे ओठ हलले. आवाज फुटला नाही.

"आलात? बरं झालं," ऋता उठली. "उद्याच यायचं होतं ना आम्हाला? काल वाटलं मला, 'दोन' म्हणाली ती. अगदी स्पष्ट नाही, पण…"

"बाळ, थांब," शरयू म्हणाली. "ते म्हणायला लावू नकोस आता."

तिनं अण्णांकडे बघितलं. आयुष्यभर चारचौघांत काही सांगायची वेळ आली की तेच सांगायचे. ती मागे उभी राहायची. अण्णांनी तिच्याकडे बघितलं आणि तोंड मिटलं. ते पडवीच्या कडेला, पायरीवर जाऊन बसले.

मग शरयूनं सांगितलं. मुलीला नाही, बाईंना सांगितलं. त्यांच्यासमोर जमिनीवर बसून, कारण बाईंना सगळं कळत होतं, फक्त शब्द गेले होते. उंदीर, पेटी, फट. आपला नेम. आपला उजवा हात आणि त्यांचा डावा पंजा. "दुसरा अर्धा उठतोय असं मी म्हणत होते. तो उठत नव्हता. तुमची वाचा पलीकडे गेलेली नाही, बाई. ती आम्ही झोपवली. उद्याचं सत्र झालं असतं तर आणखी खोल गेली असती. आता ते थांबवलंय. झोपलेलं काही हळूहळू जागं होईल का, मला सांगता येत नाही. होईल असं मी म्हणणार नाही. एकदा म्हटलं होतं, ते चुकीचं होतं."

तिचा आवाज नेहमीचाच होता, हळू. पण एकही शब्द तिनं गिळला नाही.

ऋताला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा ती ओरडली नाही. "लाह्या," ती म्हणाली. "तुम्ही उंदरांना लाह्या घालत होता." मग पुन्हा, "लाह्या." आणि भिंतीला पाठ लावून ती खाली बसली. "वीस दिवस मी तिला रडवलं. तुम्ही सांगितलं म्हणून रडवलं. तुम्ही उठा. तुम्ही जा इथनं."

शरयू उठायला लागली. अण्णा पायरीवरून उठले.

पद्मजाबाईंनी हात वर केला. वर्गात चाळीस वर्षं ज्या हातानं गलका थांबवला असेल, त्याच हातानं. ऋता गप्प झाली.

बाई खुर्चीच्या हातावर भार देऊन उभ्या राहिल्या. आत गेल्या. आतून फडताळाचं दार वाजलं, तांब्याचा आवाज आला. त्या बाहेर आल्या तेव्हा एका हातात पाण्याचा तांब्या होता आणि दुसऱ्या हातात गुळाचा खडा. उन्हातून आलेल्या माणसाला त्या भागात गूळपाणी देतात. दारात कोण आलंय, हे नंतर बघतात.

तांब्या जड होता, म्हणून तो त्यांनी उजव्या हातात धरला होता. गूळ डाव्या हातात होता. तो त्यांनी शरयूपुढे धरला.

त्यांचे डोळे कोरडे होते आणि ओठ घट्ट मिटलेले. ती क्षमा होती, की दारात आलेल्याला उपाशी जाऊ न देण्याची नुसती रीत होती, हे शरयूला त्या चेहऱ्यावरून कळलं नाही. विचारून उत्तर मिळण्यासारखंही नव्हतं. ते उत्तर आता त्या बाईंच्या आत कुठंतरी होतं, आणि तिथवरची वाट तिनंच बुजवली होती.

रोज मुक्या जीवाला घास देऊन मग जेवणाऱ्या शरयूपुढे आज घास आला होता. तिचा उजवा हात सवयीनं पुढे झाला आणि अर्ध्यावर अडला. मग तिनं दुसरा हातही पुढे केला, दोन्ही जोडून ओंजळ धरली, आणि समोरच्या हाताची वाट बघत राहिली.

गुळाचा खडा ओंजळीत पडला.